लाखोरीच्या शेंगा आणि मंगळावरचं पान

लाखोरीच्या शेंगा बाजारात आल्या की मला मंगळ आठवतो. हे मी एकदा शेजारणीला बोलून दाखवलं, तर तिनं काळजीनं विचारलं, "काहून वं, पोरीच्या पत्रिकेत निघाला का?" मी नाही म्हटलं आणि विषय सोडून दिला. खरं सांगायचं तर माझे वडील, माझे सासरे, एक मोतीबिंदू, चिखल्याच्या खाणीतला एक दगड आणि आभाळातला एक लाल ठिपका, एवढं सगळं एका दमात सांगावं लागलं असतं. ती बिचारी सांभार, म्हणजे कोथिंबीर, आणायला निघाली होती.

काल सकाळी टोपलीवाली दारात बसली आणि मी शेंगा घेतल्या. ओंजळीत घेतल्याबरोबर तो वास आला, ओल्या मातीचा, हिरवा, किंचित तुरट. आमच्याकडे धान उभं असतानाच बांधीतल्या, म्हणजे भातखाचरातल्या, ओलाव्यावर लाखोरीचं बी नुसतं फेकून देतात. धान घरी जातं आणि मागे ही आपली आपण वाढते. तिला ना नांगर लागतो, ना खत, ना कुणाचं कौतुक. थंडी सरता सरता निळी फुलं येतात आणि मग शेंगा. मिठाच्या पाण्यात उकडल्या तर घरात भांडणं होतात इतक्या चांगल्या लागतात. डॉक्टर म्हणतात, फार खाऊ नका, पाय लुळे पडतात. आम्ही मान हलवतो आणि खातो.

त्या वर्षी अशाच शेंगांचं एक पोतं घेऊन बाबा आमच्या घरी राहायला आले होते. बाबा म्हणजे माझे वडील, मोहाडीचे विणकर. जन्मभर मागावर बसून कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साड्या विणल्या, करवतकाठी, आणि शेवटी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. एका डोळ्याचं ऑपरेशन भंडाऱ्याला झालं, दुसऱ्याचं महिना-दीड महिन्यानं करायचं ठरलं. तोवर गावच्या धुळीत जाऊ नका असं डॉक्टरांनी बजावलं. आता लेकीच्या घरी इतके दिवस राहायचं म्हणजे बाबांच्या दृष्टीनं ऑपरेशनपेक्षा मोठं संकट. लेकीच्या घरचं पाणी प्यायलासुद्धा त्यांच्या पिढीचा माणूस दहादा विचार करतो. म्हणून ते आपल्या वाट्याचे तांदूळ घेऊन आले, शेंगांचं पोतं घेऊन आले आणि दारातच म्हणाले, "बाई, हे माहं राशन. अन् बसल्या बसल्या शेंगा सोलून देईन. सोलायले डोये लागत नाही."

घरात मामाजी होते. मामाजी म्हणजे माझे सासरे. चिखल्याच्या मँगनीज खाणीत जमिनीखाली काम करून निवृत्त झालेले. सासूबाई असेपर्यंत ते तिकडेच कॉलनीजवळ खोली करून राहिले. सासूबाई गेल्या आणि माझ्या नवऱ्यानं त्यांना भंडाऱ्याला आणलं. आणलं म्हणजे माणूस आला, त्याचं बोलणं तिकडेच राहिलं. 'हो', 'नाही' आणि 'ठेव' एवढ्या तीन शब्दांवर मामाजींनी आमच्या घरात पुरतं वर्ष काढलं. चहा दिला की 'ठेव'. बरं वाटतं का विचारलं की 'हो'. नवरा वरठीच्या कारखान्यात कामाला, सकाळी मोटरसायकलला किक मारली की संध्याकाळी घरी. संध्याकाळी तो बापाजवळ दहा मिनिटं बसायचा आणि दोघेही रस्त्याकडे बघत राहायचे. एकदा मला म्हणाला, "माहे बाबा असेच चूपचाप चालले जातीन." मला धडकीच भरली, कारण मलाही तेच वाटत होतं.

मी स्वतः काय करणार? मी सून. आमच्या घरी सासऱ्यासमोर सुनेनं डोक्यावर पदर घ्यायचा, समोर बसायचं नाही, उलट बोलायचा तर प्रश्नच नाही. पदर आता राहिला नाही, पण बाकीचं अंगात मुरलेलं होतं. मी ओसरीच्या कोपऱ्यात साड्यांना फॉल-पिको करते. पाय मशीनवर, कान ओसरीत. एवढाच माझा अधिकार.

आता अशा दोन माणसांना एका ओसरीवर बसवलं तर काय होणार? आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. इवायाचं नातं फार अवघड. एकमेकांना 'जी' लावायचं, पाहुण्यासारखं वागायचं, चूक दिसली तरी दाखवायची नाही. इवायाची मान खाली जाऊ देणं म्हणजे आपलीच अब्रू गेली. आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होत आली तरी या दोघांचं बोलणं 'बरं हाये ना जी' आणि 'पानी पडलं का जी तिकडे' याच्या पुढे गेलेलं नव्हतं. पहिले दोन दिवस बाबा काळा चष्मा लावून शेंगा सोलत होते आणि मामाजी सुपातल्या तांदळातले खडे वेचत होते. मला तर ती शांतता ऐकून झोप यायला लागली.

तिसऱ्या दिवशी बाबांनी विचारलं, "इवाई, मोबाइलात काय पाहून राहिले जी?"

"मंगळ," मामाजी म्हणाले.

"आभाळातला?"

"हो."

"काय म्हणते मंगळ?"

मामाजी थांबले. मशीनवरचा माझा पायही थांबला. "तिथं गाडी फिरून राहिली. तिले दगड सापडला. ठिपक्याचा. म्हणते का त्याच्यात जीव होता."

एका वर्षातलं हे त्यांचं सगळ्यात लांब बोलणं. मोबाइलमधला माणूस हिंदीत ओरडत होता की वैज्ञानिक हैराण आहेत. बाबांना चित्र दिसत नव्हतं. एक डोळा नवा, पाणी गाळणारा, दुसऱ्यासमोर धुकं. पण विणकराच्या समोर ठिपक्यांची गोष्ट काढली आणि तो गप्प बसला असं कधी होत नाही. बाबांनी शेंग खाली ठेवली. "ठिपके रांगेत हायेत का बिखरले?"

मामाजींनी चष्मा पुसून फोटो पाहिला. "बिखरले."

"सारे एका मापाचे?"

"नाही. काही लहान, काही मोठे."

"अन् काठ हाये का ठिपक्याले?"

"हाये जी. कड काळी, मधात पांढुरकं. बिबट्याच्या अंगावर राह्यते तसं."

प्रत्येक प्रश्नाला मामाजींना पुन्हा फोटो पाहावा लागत होता, आणि पाहिलं ते सांगावं लागत होतं. अर्धा तास हे चाललं. शेवटी बाबांनी निकाल दिला, "तुमचं म्हणनं सोळा आणे खरं हाये इवाई, पन हे आपोआप झालं असन."

पुढच्या महिनाभरात मला कळून चुकलं की 'सोळा आणे खरं' म्हटलं की भांडण सुरू झालं असं समजायचं. बाबांचं म्हणणं असं, की नक्षी दिसली म्हणजे ती कुणीतरी केलीच असेल असं नाही. त्यासाठी ते आपल्याच मागाचा दाखला द्यायचे. एकदा म्हणे धोट्यातला धागा मध्येच सुटत राहिला आणि हातभर कापडात तिरप्या रेघा पडल्या. बाबा ते कापड लपवायच्या विचारात, तेवढ्यात व्यापारी आला. "मले म्हणते, वा, हे डिझाइन कोनाचं? म्या म्हटलं, कोनाचंच नाही जी. त्याले वाटलं मी छुपवून राहिलो. अशीच अजून पाहिजे म्हणे! आता आपोआप झालेलं मी कसं करू?" एवढं सांगून ते हसायचे आणि मामाजींच्या गुडघ्यावर थाप मारायला जाऊन, इवाई आहेत हे आठवून, हात मागे घ्यायचे.

मामाजींचं म्हणणं वेगळं. जमिनीच्या पोटात काय काय असतं ते वरच्या माणसाला ठाऊक नसतं. "आपल्याले वाटते दगड म्हंजे दगड. त्याच्या पोटात बी पान राह्यते. माह्या घरी हाये. पाहा."

आणि त्या दिवशी त्यांनी देव्हाऱ्यातून ते पान आणून बाबांच्या तळहातावर ठेवलं.

या दगडाबद्दल मला लग्न झाल्यापासून माहीत होतं. हाताच्या पंजाएवढा, पिवळट पांढरा चपटा दगड. त्यावर काळ्याभोर रंगात एक पान उमटलेलं, बारीक बारीक फांद्या फुटत गेलेलं, इतकं नाजूक की बोट लावायला भीती वाटावी. सासूबाई नव्या नवरी म्हणून चिखल्याला आल्या तेव्हा त्यांना तिकडे मुळीच करमेना. त्यांचं माहेर वैनगंगेच्या काठी, हिरव्यागार धानाचं. खाणीजवळ झाडांच्या पानांवरही काळी धूळ. त्या म्हणाल्या, इथं पानही धड हिरवं नाही. तर मामाजींनी दुसऱ्या दिवशी खाणीतून हा दगड आणून दिला आणि सांगितलं, हे घे, हे पान कधी वाळत नाही. सासूबाईंनी ते देवाजवळ ठेवलं आणि रोज हळदीकुंकू वाहिलं. पुढे गोसीखुर्दचं धरण झालं, त्यांचं माहेर पाण्याखाली गेलं, तेव्हाही त्या म्हणाल्या होत्या की माह्याजवळ एक पान तं हाये. मला ही गोष्ट सांगताना त्या लाजायच्या. मामाजी प्रेम करतात हे त्यांनी मला एवढ्या एकाच गोष्टीतून सांगितलं.

बाबांनी दगडावरून बोट फिरवलं. बोटाला काहीच लागलं नाही, कारण पान गुळगुळीत होतं, दगडातच होतं. "असन जी," ते म्हणाले. तेवढ्यापुरते हरले.

सकाळची ओसरीतली ती उन्हं मला अजून दिसतात. अंगणातल्या आंब्याला मोहर, त्याच्यावर माश्यांची गुणगुण. वरठीकडून रेल्वेगाडीचा भोंगा. दोन म्हाताऱ्यांच्या मध्ये सालींचा ढीग. आणि मंगळ. मामाजी आता चहा दिला की 'ठेव' म्हणत नव्हते, म्हणायचे, "ठेव बाई, अन् तुह्या बापाले सांग, मंगळावर नदी होती म्हून आता सारेच कबूल करून राहिले." त्यांना भूक लागायला लागली. एकदा तर जेवताना त्यांनी भाजीत मीठ कमी आहे असं सांगितलं. वर्षभरात पहिल्यांदा त्यांना मीठ कमी लागलं होतं. मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आले.

प्रांजली, माझी मुलगी, परीक्षेच्या अभ्यासासाठी नागपूरहून घरी आली ती याच भानगडीत. ती भूशास्त्रात एम.एस्सी. करत होती. आल्या दिवशी तिनं देव्हाऱ्यापाशी उभं राहून दगड पाहिला. लहानपणापासून पाहिलेलाच, पण या वेळी भिंगातून. मग स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाली, "आई, हे पान नाहीये."

मी म्हटलं, "गप."

"अगं, खरंच. दगडाच्या फटीत मँगनीजचं पाणी झिरपतं आणि वाळताना अशी नक्षी होते. आमच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात आहे. फसू नका म्हणून मुद्दाम दाखवतात. आणि चिखल्याचा दगड इतका जुना आहे की तेव्हा पृथ्वीवर पान नावाची गोष्टच नव्हती."

मी तिचा हात धरला. "प्रांजली, तुझ्या आबाजींनी वर्षभर तोंड उघडलं नव्हतं. या दगडावर ते बोलायला लागलेत. हे तुझं पुस्तक नागपूरलाच राहू दे."

"मी आपणहून सांगणार नाही," ती म्हणाली. "पण त्यांनी विचारलं तर खोटं नाही बोलणार."

आणि विचारणारच होते. विचारायला लावलं ते बाबांनी. एका सकाळी भांडण अगदी रंगात आलेलं असताना बाबा म्हणाले, "इवाई, आपन दोघं अडानी. घरात पोरगी त्याचंच शिकून राहिली अन् आपन हवेत बोलून राहिलो. तिलेच इचारा ना जी." त्यांना वाटलं, मंगळाचा निकाल लागेल. मामाजींनी मंगळाचं विचारलंच नाही. त्यांनी मांडीवरचा दगड उचलला आणि नातीला म्हणाले, "बाई, पहिले हे सांग. हे पान हाये ना?"

प्रांजलीनं माझ्याकडे पाहिलं. मग ती त्यांच्याजवळ खाली बसली आणि तिनं सगळं सांगितलं. हळू, प्रेमानं, पण सगळं.

मामाजी ऐकत राहिले. शेवटी दगडाकडे बघत म्हणाले, "म्हंजे म्या तिले जनमभर खोटं सांगितलं." आणि उठून आत गेले.

तीन दिवस पुन्हा 'हो', 'नाही', 'ठेव'. प्रांजली रडवेली होऊन पुस्तकात तोंड घालून बसली. मला कुणावर रागवावं तेच कळेना. सगळ्यात वाईट अवस्था बाबांची. इवायाची मान खाली गेली होती, आणि ती त्यांच्यामुळे गेली होती. ते शेंगा सोलेनात. चष्मा लावून भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मला म्हणाले, "बाई, मले मोहाडीले धाडून दे. माहा दुसरा डोया तसाच राहू दे." मी म्हटलं, बाबा, तुम्हीही आता सुरू करू नका.

चौथ्या दिवशी सकाळी मामाजी ओसरीवर येऊन नुसते बसले. बाबा चाचपडत त्यांच्या शेजारी जाऊन बसले. मग बाबा म्हणाले, "इवाई, एक गोष्ट सांगतो. पोरगी म्हणते, दगड पह्यले अन् पान मागून आलं. बरोबर?"

"हो."

"आम्ही मागावाले. आमच्यात एक राह्यते. जे पह्यले झालं ते असल, मागून झालं ते नक्कल. दगड पह्यलेचा हाये तं मंग पानानं दगडाची नक्कल केली ना जी. साऱ्या झाडाची पानं नक्कल. तुम्ही इहीनबाईले असल आनून दिलं. खोटं कायचं?"

मी मशीनवर मान खाली घालून बसले होते. हातातल्या साडीवर पाणी पडायला लागलं तशी ती बाजूला केली. माझा बाप, जो महिनाभर पुरावा मागत होता, ज्याला ठिपक्यांची मापं हवी होती, तो एका माणसासाठी आपलं सगळं म्हणणं सोडून पलीकडच्या बाजूला जाऊन उभा राहिला होता.

मामाजींनी सूप ओढलं, दोन-चार खडे वेचले, आणि मग त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हललं. "असं नसते इवाई," ते म्हणाले. "तुमचं म्हणनं सोळा आणे खरं हाये, पन पोरगी शिकली-सवरली हाये. पान्यानं नक्षी पडते. मंगळावर बी पान्यानंच पडली असन. जीव-गीव काही नाही."

"काहून नाही?" बाबा ओरडले. "हाये तिथं जीव!"

आणि जी जुंपली! फक्त या वेळी बाजू बदललेल्या होत्या. मामाजी ठिपक्यांची मापं सांगून शंका काढायचे आणि बाबा, काळा चष्मा सावरत, मंगळावर जीव आहे म्हणून भिंतीवर हात आपटायचे. प्रांजली हसून हसून वाकली. तिला दोघांनीही विचारलं, खरं काय? ती म्हणाली, "नानाजी, तो दगड इथे आणून बघेपर्यंत कुणालाच पक्कं सांगता येणार नाही. शास्त्रज्ञसुद्धा 'असू शकतं' एवढंच म्हणतात." दोघांनाही हे उत्तर फार आवडलं. म्हणजे थांबायचं कारण नव्हतं.

बाबांचा दुसरा डोळा झाला आणि ते मोहाडीला परतले. जाण्याआधी त्यांनी मोबाइलवर तो फोटो पहिल्यांदा नीट पाहिला. "हे होय?" म्हणाले. "म्या मनात याच्यापेक्षा चांगला विणला होता." तिकडून त्यांचा रोज फोन यायचा. माझी चौकशी दोन वाक्यांत उरकायची आणि मग, "दे बाई, इवायाले दे." मंगळावर काही नवं झालं नाही तरी यांच्यात रोज नवं काहीतरी होत होतं.

गेल्या भादव्यात बाबा गेले. झोपेतच गेले. मामाजी मोहाडीला आले, ओट्यावर बसले, कुणाशी बोलले नाहीत. घरी आल्यावरही नाही. दिवाळी झाली, धान घरी आलं, थंडी पडली. प्रांजली नोकरीसाठी दूर गेली. मामाजींचं जेवण पुन्हा कमी झालं. मीठ जास्त की कमी, काही विचारायची सोय राहिली नाही.

आणि काल शेंगा आल्या. मी सूप भरून त्यांच्यापुढे ठेवलं. ते एक एक शेंग सोलायला लागले, शेजारची जागा रिकामी ठेवून. प्रांजलीनं सकाळीच मंगळावरच्या आणखी एका दगडाचा फोटो पाठवला होता. हा फुलासारखा दिसणारा. मी मशीनवरून उठून मोबाइल त्यांच्यासमोर धरला. त्यांनी पाहिला. "हं," म्हणाले, आणि परत दिला.

मी तिथेच उभी राहिले. बाबा गेल्याचं दुःख मला झालं होतं, पण ओसरीवर त्यांची कमी इतकी मोठी असेल असं वाटलं नव्हतं. वादाला समोर कुणीतरी लागतं, आणि समोर कुणीच नव्हतं.

मी चटईवर बसले. मामाजींच्या समोर, बरोबरीनं, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. दगडांतलं मला ओ की ठो कळत नाही.

"मामाजी," मी म्हटलं, "हे फूलच हाये. तिथं जीव होता. तुम्ही नाही म्हणत होते, ते तुमचं चुकलं."

शेंग सोलता सोलता त्यांचा हात थांबला. सुनेनं सासऱ्याला 'तुमचं चुकलं' म्हणायचं, हे त्यांच्या घरात आजवर कुणी ऐकलेलं नव्हतं. ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, उठून आत जातील.

"काहून?" ते म्हणाले. "कायचं चुकलं? सांग. अन् फुलाले पाकळ्या किती हायेत, ते पहिले मोज."